खाच

घोडा मागे ओढला की तो मागेच थांबला पाहिजे. रिव्हॉल्व्हरची सगळी अक्कल एवढीच, असं माझी बायको म्हणायची. त्या दिवशी सकाळी मी चहाला आधण ठेवत होतो आणि आतल्या खोलीतून आवाज आला तो थांबण्याचा नव्हता. मागे गेलेला घोडा घसरून पुढे आपटल्याचा होता. खट्. मग पुन्हा एकदा. मग काहीच नाही. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभा राहिलो. आत जायला पाय उचलेनात, कारण काय झालं असणार ते मला पक्कं ठाऊक होतं. ते मीच करून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी ते जुनं धूड माझ्या कामाच्या टेबलावर खोललं होतं. माझा धंदा कवळ्या करण्याचा. माणूस येतो, तोंड उघडतो, म्हणतो इथे टोचतंय, इथे अडतंय. आपण ती जागा शोधायची आणि घासायची. उभा जन्म हेच केलं. दिव्याखाली मला दिसलं की घोड्याच्या पोटात एक बारीकशी खाच आहे आणि चापाचं टोक तिच्यात जाऊन अडतं. तिचा अंगठा घोडा ओढताना अडतो, आणि इथे तर अडणारी जागा डोळ्यांसमोर. मी घासली. छान गुळगुळीत केली, आणि सवयीनं वर पॉलिशही मारलं.

ती दारात आली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्यात रिव्हॉल्व्हर, नळी जमिनीकडे. उजव्या अंगावरून वारं गेलं, बोलणं अडखळलं, वेणी घालता येईना, पण नळी जमिनीकडे धरायची शिस्त काही सुटली नाही.

“हे तू केलंस?”

“हो.”

“कशानं?”

“कवळ्या घासतो त्या मशीननं.”

ती स्टुलावर बसली. “तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. तुझा अंगठा अडत होता.”

“अंगठा अडत होता तर अंगठा घासायचास,” असं म्हणून ती हसायला लागली. आजारापासून तिचं हसू आधी डाव्या गालावर येतं आणि उजवा गाल मागून येऊन मिळतो, उशिरा वर्गात शिरणाऱ्या पोरासारखा. मला ते हसू इतकं आवडतं की त्याच्यासाठी मी आणखी चार वस्तू बिघडवल्या असत्या. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं मी म्हणालो, आणि ती आणखी हसली. मग हसता हसता थांबली आणि मांडीवरच्या त्या लोखंडाकडे बघत म्हणाली, “मग आता शर्यतीचं काय?”

शर्यतीचं म्हणजे असं, की शहरातल्या शाळांच्या वार्षिक शर्यती दोन आठवड्यांवर आल्या होत्या. त्या शर्यती सोडायचं, म्हणजे बार काढून सुरू करून द्यायचं काम किती वर्षं तिच्याकडे होतं ते समितीच्या लोकांनाही आठवत नाही. आठवणारे सगळे वर गेले. यंदा समितीचे चिटणीस घरी येऊन, मऊ आवाजात बोलून गेले होते. नवं यंत्र आणलंय, प्रत्येक धावपटूच्या मागे एक भोंगा, बटण दाबलं की सगळ्यांना एकदम ऐकू जातं. बाईंनी फक्त मांडवात खुर्चीवर बसायचं, पुष्पगुच्छ घ्यायचा, दोन शब्द बोलायचे. चिटणीसांना तिनंच शाळेत पळायला शिकवलेलं. तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पहिली शर्यत मी सोडणार. ती सोडली की पुढच्या तुझ्या भोंग्याला. आणि मला ती सोडता आली नाही, तर तुझा पुष्पगुच्छ घेईन आणि परत मैदानावर पाय ठेवणार नाही.” मी मधे काही बोलायला गेलो तर मला म्हणाली, तू गप्प बस. मी गप्प बसलो. ती बोलते तसं करते, हे मला जितकं माहीत आहे तितकं त्या चिटणीसांना कुठून असणार. ते निघताना म्हणाले, बघू या की, अजून वेळ आहे. आणि मला मात्र मैदान नसलेली ती दिसायला लागली. खिडकीशी बसलेली. नीटनेटकी, विचारलं तर उत्तर देणारी.

तिला सगळे ठोबाई म्हणतात. पोरांनी ठेवलेलं नाव. पुढे त्या पोरांची पोरं झाली तरी तेच. बाजारात कुणी मला ओळखलं तर म्हणतं, तुम्ही ठोबाईंचे मिस्टर ना. माझ्या हातची कवळी तोंडात घालून हिंडणारी माणसंसुद्धा असंच म्हणतात, ही जगाची रीत. ते रिव्हॉल्व्हर तिला तिच्या गुरुजींनी दिलेलं. ते फौजेतून आलेले, आणि फौजेतून आलेल्या माणसाजवळ असतं तसलं जड, लांब नळीचं, शिसवी मुठीचं ते धूड. नळी पुढून शिसं ओतून कायमची बुजवलेली, म्हणजे त्यातून आवाज आणि धूर याशिवाय काही बाहेर पडत नाही. पण आत सगळं पहिल्यासारखं, जुन्या पद्धतीचं. हल्लीच्या पिस्तुलात चाप ओढत राहिलं की बार निघत राहतात. ह्यात तसं नाही. ह्याच्यात दर बाराला घोडा आपल्या अंगठ्यानं मागे ओढून खाचेत बसवायचा. चापाचं काम नुसतं त्याला सोडून देण्याचं. मी तिला कैकदा म्हणालो, सोपं काहीतरी घे. ती म्हणायची, “सोपं असलं की माणूस घाई करतो.” अंगठा असा दणकट की बरण्यांची झाकणं आमच्या घरी तीच उघडायची. माझे हात बारीक कामाचे, तिचे जोराचे, अशी आमची वाटणी लग्नाच्याही आधीपासूनची. रिले शर्यतीत मागच्या मुलीनं दांडकं देण्याऐवजी तिच्या तोंडावर मारलं आणि पुढचा दात अर्धा गेला, तेव्हा ती पहिल्यांदा आमच्या दुकानात आली. मी तेव्हा मालकाच्या हाताखाली शिकत होतो. रडत नव्हती; रागानं लाल झाली होती, कारण शर्यत हरली होती. मालकानं दाताचं काम माझ्यावर टाकलं. रंग जुळेना म्हणून मी तिला तीनदा बोलावलं. खरं तर पहिल्याच खेपेला जुळला होता. तो दात अजून तिच्या तोंडात आहे. आसपासचे तिचे स्वतःचे दात पिवळे पडले आणि माझा तसाच राहिला. ती म्हणते, बघ, तुझंच काय ते एक धड टिकलंय माझ्यात.

आणि आता हेही सांगून टाकतो, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. तिच्या आजाराचे हे महिने माझ्या संसारातले फार सुखाचे महिने होते. ऐकायला वाईट वाटेल, वाटू दे. झटका आला ती सकाळ, दवाखान्यातला तो हिरवा बोळ, तिच्या तोंडातून शब्द निघेना आणि ती नुसती माझ्याकडे बघत राहिली ते बघणं, ते कुणाच्या वाट्याला न येवो. पण घरी आल्यावर ती घरी होती. लग्न झाल्यापासून मला अशी बायको मिळाली नव्हती. उजाडायच्या आत ती मैदानावर, मग शाळा, मग पुन्हा मैदान. घरात यायची ती पायाला माती आणि अंगाला दारूचा वास घेऊन. दारू म्हणजे बंदुकीची. शेजारपाजारी खुलासा करावा लागायचा. सुट्ट्या लागल्या की शिबिरं. आमची मुलगी शिटी ऐकून झोपायला शिकली. मी तक्रार केली नाही. माझंही दुकान होतं, आणि तिच्याकडे बघून मला नेहमी बरं वाटायचं. पण बघायचो ते जाताना. आता मी तिची वेणी घालत होतो. पहिल्या दिवशी घातलेली वेणी बघून ती म्हणाली, ही वेणी आहे की चऱ्हाट. पुढे मला जमायला लागली. तिच्या ब्लाउजची बटणं, तिच्या गोळ्या, अंगठ्याचे व्यायाम. मऊ चेंडू दाबायचा, सोडायचा. मी मोजायचो आणि मधेच मुद्दाम चुकायचो, म्हणजे ती ओरडायची. दुपारी बरोबर जेवायचो. कोणत्या वेळी कुठल्या खिडकीतून ऊन येतं हे तिला आपल्याच घरात पहिल्यांदा कळत होतं आणि मी तिला ते दाखवत होतो, पाहुण्याला घर दाखवावं तसं.

तर बंदुका दुरुस्त करणारा माणूस शोधणं माझ्यावर आलं. ज्यानं बिघडवलं त्यानं निस्तरावं, हे तिचं म्हणणं, आणि त्यावर बोलायला मला तोंड नव्हतं. परवान्याचे कागद तिच्या पर्समध्ये, धूड माझ्या पिशवीत, पिशवीत वरून टॉवेल. आधी गेलो शिकारीच्या सामानाच्या जुन्या दुकानात. पाटी तीच होती, आत मात्र तंबू, बूट आणि पाठीवरच्या पिशव्या. काउंटरवरच्या पोरानं रिव्हॉल्व्हर बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, काका, काय पीस आहे, काचेच्या पेटीत घालून भिंतीवर लावा. ती म्हणाली, “मलाही घालतोस का पेटीत?” त्याला कळलं नाही. त्याच्या मालकांनी चष्मा लावून चकरीतली भोकं बघितली, मान हलवली. या मापाची काडतुसं निघायची बंद होऊन जमाना झाला. नुसत्या आवाजाची तर त्याहून आधी. तिचा जुना साठा गेल्या शर्यतींतच संपला होता. खाचेचं काम करणारा आता एकच माणूस असेल, असला तर. त्यांनी पत्ता सांगितला. बाजारामागच्या गल्लीत कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, त्याच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर एक मिस्त्री राहतो. फार बोलतो, पण हात चांगला आहे. रस्त्यावर आल्यावर तिनं माझा दंड धरला. तिचं वजन माझ्या दंडावर यायला लागल्यापासून मला चालणं आवडायला लागलंय. ती म्हणाली, “नाही मिळाला तर?” तिनं असं कधी विचारलं नव्हतं, तिच्या तोंडी ‘तर’ हा शब्द मी ऐकलाच नव्हता. मी म्हणालो, मिळेल. आणि म्हणताना माझ्याच आवाजात काहीतरी कमी पडलंय असं मला वाटलं.

कुलपवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. बाहेर भिंतीला किल्ल्यांचे घोस, आत एक दिवा, एक ऐरण आणि कुबड काढून बसलेला तो. जिना अरुंद, कठडा नाही. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे. “तू जा. मी बसते इथे.” कुलपवाल्यानं तिला स्टूल दिलं. मी एकटाच चढलो.

मिस्त्री लठ्ठ, अंगात बिनबाह्यांचा गंजिफ्रॉक, बोलायला लागला की खालची कवळी टाळी वाजवल्यासारखी वाजे. कुणी केली होती देव जाणे. माझे हात शिवशिवायला लागले. खोलीभर कानशींचे संच, तेलाच्या बाटल्या, भिंतीला मोडक्या बंदुकांची खोकी. त्यानं आधी आपल्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, मग मुलाबद्दल, तो परदेशी जाऊन बसला त्याबद्दल, मग सरकारबद्दल. रिव्हॉल्व्हर हातात आल्यावर मात्र त्यानं खालची कवळी काढून बशीत ठेवली. महत्त्वाच्या कामाला तो ती काढतच असे, नंतर कळलं. त्यानं घोडा ओढला, सोडला, कानाशी धरून पुन्हा ओढला. मग खोलून खाच दिव्याशी नेली.

“हे कुणी केलं?” बिनकवळीच्या तोंडानं त्यानं विचारलं. “अडाण्याचं काम नाही हे. अडाण्यानं इकडेतिकडे ओरबाडलं असतं. ह्यानं बरोबर जागा गाठली. हा घोडा परत कधी उभा राहू नये असं ज्याला वाटतं ना, त्याचंच काम हे.”

“मीच केलं,” मी म्हणालो. “अडत होतं म्हणून घासलं.”

“अहो, अडणं हेच तिचं काम. अडते म्हणून धरते.” तो हसला नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. अंगठा, शर्यत, खाली स्टुलावर बसलेली बायको. ऐकता ऐकता त्यानं टेबलावरचा पाना इकडचा तिकडे ठेवला. म्हणाला, होईल. खाचेत भर घालून नव्यानं कापतो. स्प्रिंग हलकी करा म्हणाल तर करणार नाही, काडतुसाच्या टिकलीवर घाव बसायचा नाही, फुसका बार निघेल. पण घोड्याचं बोंडूक, अंगठा टेकतो ते टोक, लांब-रुंद करून देतो, म्हणजे अंगठा नको, तळहातानं ओढता येईल. काडतुसांची जुनी पितळी टोपणं आहेत माझ्याकडे. आवाजापुरती भरून देईन, परवाना आहे. मग तो माझ्याजवळ सरकला. “पण खरं सांगू का, साहेब? कप धरताना हात थरथरतो म्हणता. चारचौघांत फजिती झाली तर जन्माची राहील. तुम्ही खाली जाऊन सांगा, मिस्त्री म्हणाला, होणार नाही. मी सांभाळून घेतो. बायकोला घरी न्या, सुखानं राहा. माझी गेली. मला विचारा.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो माझं भलंच बघत होता. हेच वाईट. मी म्हणालो, विचार करून सांगतो, आणि जिना उतरायला लागलो. एका हातानं भिंत धरून. होणार नाही, एवढे दोनच शब्द. ती काही माझ्यावर अविश्वास दाखवणार नाही. म्हणेल, चल. पुष्पगुच्छ घेईल. मग आपलं घर, खिडकीतलं ऊन, वेणी, दुपारचं जेवण, संध्याकाळी दंडाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत. आणि मला त्या पायऱ्यांवर, अंधारात, मिस्त्रीचं ते वाक्य, घोडा परत उभा राहू नये असं ज्याला वाटतं त्याचं हे काम, पुन्हा ऐकू आलं, आणि मी माझ्या हाताकडे बघितलं. हा हात इतकी वर्षं तोंडांत काम करतोय. कुठे किती घासायचं हे माझ्याआधी त्याला कळतं. कवळीचा टोचणारा काठ आणि धरून ठेवणारा काठ यांतला फरक शिकाऊ पोरालाही मी पहिल्या आठवड्यात शिकवतो. धरणारा काठ घासलास तर कवळी सुटेल, गाढवा. मग त्या दुपारी, ती आत झोपलेली असताना, हाताला खरंच कळलं नव्हतं? मला आठवेना. मशीनचा आवाज आठवत होता, पोलादाची ती बारीक भुकटी आठवत होती, आणि फार बरं वाटत होतं हे आठवत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोष द्यायचा कुणाला. मी पायरीवर बसलो. मला तिच्यावाचून राहायचं नव्हतं, एवढं एकच मला स्वच्छ समजत होतं, आणि वर मिस्त्री कवळी घालत होता त्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात खालून तिचा आवाज आला. “असं नाही. खांदे सोड. सोड म्हणजे पाड नाही. मान लांब कर. आता श्वास घे. पोटातून घे, पोट काय नुसतं जेवायला दिलंय?” मी वाकून बघितलं. कुलपवाला कोनाड्याच्या बाहेर रस्त्यावर उभा होता, हात दोन्ही बाजूंना, आणि ती स्टुलावरून त्याचं कुबड काढत होती. किल्ली करून घ्यायला आलेली एक बाई वाट बघत थांबली होती आणि तीही नकळत ताठ उभी राहिली होती. “किती वर्षं असा बसतोस रे? असा बसलास तर म्हातारपणी जमिनीवरच्या नाण्यांशिवाय काही दिसणार नाही.” तो लाजून हसला. ती हसली नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. तोंडाचा उजवा कोपरा अजून थोडा खाली, शब्द मधेच घरंगळतायत, पण ती बघत होती ते कसं, ते मला माहीत होतं. आपल्या घरात इतके महिने ती तसं कशाकडेच बघत नव्हती. उन्हाकडेही नाही. माझ्यासाठी बघायची, मी दाखवतो म्हणून. मी उठलो, कपडे झटकले आणि पुन्हा वर गेलो. मिस्त्रीला म्हणालो, करा तुम्ही. आणि ती कवळी इकडे द्या.

पुढचे दिवस धांदलीचे गेले. मी त्याची कवळी घरी आणली, खालचा डावा काठ नीट केला, बैठक नवी दिली. तोही मागोमाग आला आणि शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत राहिला, “जपून हां, जास्त घासू नका,” असं म्हणत. मी म्हणालो, मिस्त्री, मला शिकवू नका. आणि दोघंही हसलो. नवी बैठक तोंडात घालून तो ‘सरकार’ असं मोठ्यानं म्हणाला आणि टाळी वाजली नाही तेव्हा त्याला स्वतःलाच चुकल्यासारखं झालं. काडतुसांची तोंडं बंद करायला त्याच्याकडचं मेण ठिसूळ निघालं. मी माझं दिलं, कवळीचे साचे बनवायचं गुलाबी मेण. ती म्हणाली, आता बारातून हिरड्या उडणार. खाच मात्र अशी बसली की घोडा ओढला की ‘मी आहे’ असा आवाज यायचा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर ती सराव करायची. मूठ डाव्या हातात, उजव्या तळहाताचा मऊ भाग बोंडकावर, सगळ्या अंगानं मागे ढकलायचं. कधी जमायचं, कधी हात घसरून सोलायचा. मी कापूस आणि औषध घेऊन बसायचो. मधेच एकदा ती हताश होऊन म्हणाली, “सोपं काहीतरी घ्यायला हवं होतं बहुतेक.” मी म्हणालो, सोपं असलं की माणूस घाई करतो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी औषधाची बाटली नीट लावायच्या निमित्तानं उठलो.

शर्यतींच्या सकाळी मैदानावर अजून दव होतं. मी एवढ्या सकाळी तिथे कधी गेलो नव्हतो. चुन्याच्या रेषा, मांडवात रांगेनं खुर्च्या, चिटणीसांचं ते यंत्र झाकून ठेवलेलं. पहिली शर्यत लहान मुलींची. एकीच्या बुटाची नाडी सुटलेली, ती ठोबाईंनी लांबून नुसती बोटानं दाखवली. मग माझी बायको जाऊन आपल्या जागी उभी राहिली; पायाखाली एक लाकडी पेटी असे, त्यावर तिला चढवायला मी पुढे झालो तर म्हणाली, लांब हो. मी लांब झालो. “जागेवर,” ती म्हणाली. शब्द स्वच्छ निघाला. मुली वाकल्या. तिनं मूठ कमरेशी धरली, तळहात बोंडकावर ठेवला आणि ढकललं. घोडा मागे गेला आणि राहिला. मी श्वास सोडला. मग तिनं डावा हात वर केला. “तयार.”

आणि थांबली. ह्या थांबण्याबद्दल ती मला वर्षानुवर्षं सांगत आली होती. मी कवळी घासता घासता ऐकत आलो होतो. तयार म्हटल्यावर सगळे स्थिर होईपर्यंत थांबायचं. एकाचं बोट जरी हलत असलं तरी चाप ओढायचा नाही. मुली स्थिर झाल्या. नाडीवाली सगळ्यांत शेवटी. मैदान असं शांत झालं की लांबच्या रस्त्यावरची सायकलची घंटा ऐकू आली. तरी ती थांबलीच. चिटणीस माझ्याकडे बघायला लागले. मी तिच्या हाताकडे बघितलं. तो हलत होता. वर आभाळात धरलेला तो डावा हात, जड लोखंडाखाली, थरथरत होता, आणि मैदानात हलणारी ती एकच गोष्ट होती. ती मुलींसाठी थांबली नव्हती. मला धावत जाऊन तिचं मनगट धरावंसं वाटलं. इतकं वाटलं की पाय उचललाही गेला, आणि मी तो परत खाली ठेवला. मी तिच्यावर प्रेम करतो आणि हे काम तिचं आहे, या दोन गोष्टी माझ्या आत शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकाही मुलीनं टाच हलवली नाही. इतका वेळ कुणी कुणाला थांबवत नाही, पण त्या थांबल्या. मग हात हळूहळू निवला. कोपर, मनगट, मग बोटं. आणि बार निघाला.

मी दचकलो. मुली गेल्या होत्या. धूर तिच्या डोक्यावर थोडा रेंगाळला आणि पांगला. ती पळणाऱ्या मुलींकडे बघत होती, मान लांब करून, ओठ हलत होते. कुणाचं तरी कोपर चुकत असणार. शर्यत संपल्यावर चिटणीस भोंग्यावरचं कापड काढायला लागले तर ती म्हणाली, “राहू दे अजून एक.” मग त्याच्यानंतर आणखी एक. मुलींचा घोळका तिच्याभोवती झाला. कुणाला बोंडूक बघायचं होतं, कुणाला आपली सुरुवात चुकली की बरोबर ते विचारायचं होतं. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, हातात तिची पर्स आणि औषधाची पिशवी. उन्हं वर आली. शेवटी मी जाऊन म्हणालो, जेवायची वेळ होत आली, निघायचं का. तिनं वळून बघितलं. क्षणभर तिला मी कोण हे आठवावं लागलं असं मला वाटलं. मग डावा गाल हसला, मागून उजवा. तिनं माझ्या हातातली औषधाची पिशवी घेतली आणि खांद्याला अडकवली.

“तू जा घरी,” ती म्हणाली. “मला उशीर होईल. वाट बघू नकोस, जेवून घे.”

मी बरं म्हणालो. फाटकापर्यंत आलो तरी मागून तिचा आवाज येत होता. घरी आलो, कुलूप काढलं, हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. जेवता जेवता कळलं की मी रडतोय, आणि मला सडकून भूकही लागली आहे. मी पोटभर जेवलो आणि तिच्या वाटणीचं झाकून ठेवलं.